आईच्या लग्नाचा कागद

महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांमध्ये हेडमास्तरांच्या खोलीत, भिंतीवरच्या घड्याळाशेजारी, एक चौकट टांगलेली असते. अब्राहम लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले पत्र. वसंत बापटांनी ते अशा मराठीत आणले की परकेपणाचा वासही उरला नाही. बक्षीस समारंभाचे पाहुणे ते म्हणून दाखवतात आणि मागच्या रांगेतले पालक माना डोलावतात. अडचण एवढीच, की लिंकनची पत्रे, भाषणे आणि टिपणे यांचे जे खंडच्या खंड छापले गेले, त्यांत हे पत्र कुठेही नाही. मजकूर चांगला आहे, तो मुलांनी जरूर वाचावा. कुणी चौकट उतरवावी असे मी म्हणणार नाही.

पण या माणसाने खरोखर लिहिलेली काही पत्रे आपल्याकडे फारशी कुणी वाचलेली नसतात. १८४८ च्या मार्च महिन्यात ३९ वर्षांचा लिंकन अमेरिकन काँग्रेसचा सभासद म्हणून वॉशिंग्टनमध्ये होता. तेव्हा मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हिंगहॅम गावी राहणाऱ्या सॉलोमन लिंकन नावाच्या गृहस्थाशी त्याचा पत्रव्यवहार झाला. आडनाव एकच, आपण एकाच कुळातले आहोत का, हा प्रश्न. त्याच सुमारास त्याने व्हर्जिनियातल्या डेव्हिड लिंकनलाही पत्र घातले. स्वतःबद्दल त्याला सांगता आले ते फार थोडे होते. आजोबांचे नाव अब्राहम. ते व्हर्जिनियाच्या रॉकिंगहॅम काउंटीतून केंटकीत आले. तिथे मूळनिवासींच्या हातून मारले गेले. त्याआधी घराणे पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीत होते, आणि म्हणे क्वेकर पंथाचे होते. त्यापलीकडे अंधार. दोन्ही घराण्यांत मॉर्डेकाय वगैरे नावे पुन्हा पुन्हा येतात हे त्याच्या ध्यानात आले होते, पण धागा जुळला नाही. वकिलाची शिस्त अशी, की जुळत नाही ते त्याने ओढूनताणून जुळवलेही नाही.

माझी बँकेतली बरीच वर्षे मृत खातेदारांच्या फायली पाहण्यात गेली. रक्कम कधी चार हजारांची, कधी चार लाखांची. कागद मात्र सारखेच लागतात. समोर बसलेल्या पांढऱ्या केसांच्या बाईला, आजी, लग्नाचा काही दाखला आहे का, असे विचारताना आवाज आपोआप खाली येतो. चाळीस वर्षे संसार केला, पाच मुले वाढवली, आणि आता काउंटरपलीकडचा एक परका माणूस पुरावा मागतो. त्या नजरेची सवय मला निवृत्त होईपर्यंत झाली नाही. म्हणूनच लिंकन घराण्याची कागदपत्रांतून लागलेली वंशावळ मी इतिहास म्हणून थोडी आणि फाइल म्हणून जास्त वाचली. कारण या फाइलमध्येही मधोमध एक दाखला गहाळ होता, आणि तो एका आईच्या लग्नाचा होता.

आधी जे धागे जुळले ते सांगतो. लिंकनला जे कळले नाही ते त्याच्यानंतरच्या संशोधकांनी चर्चची दप्तरे, मृत्युपत्रे आणि जमिनीचे दस्त उलगडून काढले. मूळ गाव इंग्लंडच्या नॉर्फक परगण्यातले हिंगहॅम. तिथल्या चर्चच्या वहीत १६२२ साली सॅम्युएल लिंकनच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. सॅम्युएलच्या आजोबांचे, रिचर्डचे, मृत्युपत्रही सापडले. रिचर्डची चार लग्ने झाली होती, आणि जमीनजुमला त्याने शेवटच्या बायकोच्या मुलांकडे वळवला. पहिल्या बायकोचा मुलगा एडवर्ड कोरडा राहिला. या एडवर्डचा मुलगा सॅम्युएल विणकराच्या हाताखाली उमेदवारीला लागला आणि १६३७ साली मालकाबरोबर जहाजात बसून अमेरिकेला गेला. प्रवाशांच्या यादीत त्याचे वय १८ लिहिले आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीशी ताडले तर तो १५ च्या आसपासचा निघतो. वय वाढवून लिहिण्याची कला फक्त आपल्याकडच्या शाळाप्रवेशातच आहे असे नाही.

सॅम्युएलचा मुलगा मॉर्डेकाय लोहारकामात शिरला. त्याचा मुलगा, तोही मॉर्डेकाय, न्यू जर्सीमार्गे पेनसिल्व्हेनियात गेला. तिथले त्याचे १७३३ सालचे दगडी घर अजून उभे आहे. त्याचा मुलगा जॉन १७६८ च्या सुमाराला व्हर्जिनियात उतरला. जॉनचा मुलगा अब्राहम, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचे आजोबा, १७८२ च्या आसपास केंटकीत आला. दर पिढीला एक नवी जमीन आणि दर पिढीला पश्चिमेकडे एक पाऊल. दस्त लिहिणारे कारकूनही दर गावी वेगळे, त्यामुळे केंटकीतल्या जमिनीच्या एका कागदावर आजोबांचे आडनाव चक्क लिंकहॉर्न असे लिहिले गेले. नाव एक आणि स्पेलिंगे चार, हा प्रकार ज्याने पासबुके तपासली आहेत त्याला नवा नाही.

१७८६ च्या मे महिन्यात शेतात काम करत असताना या आजोबांना गोळी लागली. ज्यांच्या भूमीवर ही कुंपणे पडत होती, त्या मूळनिवासींपैकी कुणीतरी ती झाडली होती. तीन मुलगे शेतातच होते. थोरला मॉर्डेकाय झोपडीकडे बंदूक आणायला धावला, मधला जोसाया मदतीसाठी गढीकडे पळाला, आणि आठ वर्षांचा टॉमस बापाच्या देहाशेजारी उरला. त्याला उचलायला एक हल्लेखोर पुढे आला, तेव्हा थोरल्याने झोपडीतून नेम धरून त्याला पाडले. हा प्रसंग लिंकनने वडिलांच्या तोंडून इतक्यांदा ऐकला होता की तो त्याच्या मनावर कायमचा कोरला गेला.

गोळीची गोष्ट सगळे चरित्रकार सांगतात. मला त्यानंतरची वारसाची गोष्ट अधिक भयंकर वाटते. आजोबांच्या नावावर हजारो एकर जमीन होती. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचा भाग होता, आणि व्हर्जिनियाच्या जुन्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या माणसाची जमीन थोरल्या मुलाकडे जात असे. हा कायदा रद्द करून सगळ्या मुलांना सारखा वाटा देणारा नवा कायदा १७८५ साली संमत झालेला होता. अंमलात येण्याची तारीख होती १ जानेवारी १७८७. बाप मे १७८६ मध्ये गेला. सात-आठ महिन्यांचा फरक. मॉर्डेकाय जमीनदार झाला आणि टॉमस दारोदार मजुरी करत वाढला. रिचर्डच्या मृत्युपत्राने एडवर्डला जे भोगायला लावले, तेच दीडशे वर्षांनी समुद्रापलीकडे टॉमसच्या वाट्याला आले.

या टॉमसची प्रतिमा पुढे फार वाईट रंगवली गेली. आळशी, अडाणी, आज इथे उद्या तिथे. मुलगा जेवढा उंच दाखवायचा तेवढा बाप खुजा दाखवायचा, ही चरित्रकारांची जुनी खोड. १९२६ साली लुई वॉरन या अभ्यासकाने केंटकीतल्या कचेऱ्यांची दप्तरे बारकाईने तपासून पुस्तक लिहिले आणि हिशेब बदलला. टॉमसने १८०३ साली, पंचविशीत, २३८ एकरांचे शेत ११८ पौंडांना घेतले होते. तो सुतारकाम करी, कर भरी, ज्यूरीवर बसे. १८१४ च्या करपत्रकात ९८ मालमत्ताधारकांत त्याचा नंबर पंधरावा लागतो. हा माणूस भिकारी नव्हता. त्याला बुडवले ते केंटकीच्या जमिनीच्या कागदांनी. तिथे सरकारी मोजणीच धड नव्हती. अमुक ओकपासून तमुक ओढ्याच्या वळणापर्यंत, अशा खुणांवर दस्त होत. ओक पडला की हद्द गेली. एकाच तुकड्यावर तीन-तीन हक्कदार उभे राहत. पहिले शेत मोजणीत कमी भरले आणि १८१४ मध्ये १८ पौंडांच्या तोट्याने विकावे लागले. दुसरे, जिथे १२ फेब्रुवारी १८०९ ला अब्राहम जन्मला, ते मालकीच्या वादात गेले. त्यात घातलेले २०० डॉलर बुडाले. तिसऱ्यावरून हाकलण्याचा दावा लागला. शेवटी १८१६ च्या डिसेंबरात टॉमस बायकामुलांना घेऊन नदीपलीकडे इंडियानात गेला, कारण तिथली जमीन सरकारने मोजून चौकोनी पाडलेली होती. पुढे लिंकनने या स्थलांतराची कारणे लिहिताना गुलामगिरीचा उल्लेख केला, पण मुख्य कारण म्हणून जमिनीच्या दस्तांचा घोळच दिला. हा मुलगा मोठेपणी आधी जमीन मोजणारा सर्व्हेयर झाला आणि मग वकील. घरातल्या कोणत्या बोलण्यांवर तो वाढला असेल, याची कल्पना करायला कादंबरीकार असण्याची गरज नाही.

आता आईकडे येतो. नॅन्सी हँक्स. तिचे एकही छायाचित्र नाही, एकही पत्र नाही. सहीच्या जागी ती खूण करी. १८१८ च्या ऑक्टोबरात, इंडियानाच्या जंगलातल्या झोपडीत, ती दुधाच्या आजाराने गेली. जंगलातली एक विषारी वनस्पती गायी खात, ते विष दुधात उतरे आणि दूध पिणारी माणसे आठवड्याभरात जात. कारण पुढे कित्येक वर्षे कुणाला उमगले नव्हते. अब्राहम नऊ वर्षांचा होता. वर्षाने टॉमस केंटकीत गेला आणि सारा बुश जॉन्स्टन या विधवेशी लग्न करून परतला. या सावत्र आईने पोरांना न्हाऊमाखू घातले, अब्राहमच्या वाचनाची पाठराखण केली. सावत्र आई म्हटले की आपल्या कथाकादंबऱ्यांत जे चित्र येते, त्याच्या अगदी उलट ही बाई होती.

१८६० साली लिंकन राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार झाला आणि चरित्रे लिहिणाऱ्यांनी चौकशा सुरू केल्या. त्याने स्वतः दिलेल्या टिपणात आईवडिलांच्या लग्नाचे साल १८०६ असे आहे. केंटकीतल्या हार्डिन काउंटीचे जुने कारकून सॅम्युएल हेक्राफ्ट यांचा समज होता की सारा बुश हीच त्याची आई. लिंकनने उत्तर पाठवून तो दुरुस्त केला. आईचे नाव नॅन्सी होते हे कळवले. हार्डिन काउंटीच्या दप्तरात टॉमसच्या दुसऱ्या लग्नाची नोंद स्वच्छ सापडत होती. पहिल्याची सापडत नव्हती. आणि टॉमस-नॅन्सीचा संसार तर त्याच काउंटीत थाटला होता.

दप्तरातल्या एवढ्याशा रिकाम्या जागेत गावगप्पांचे पीक आले. लग्न झालेच नसावे इथपासून, लिंकनचा बाप दुसराच कुणी होता इथपर्यंत. केंटकीपासून नॉर्थ कॅरोलायनापर्यंत त्याचे बाप म्हणून एकेक नाव पुढे येऊ लागले. देशात यादवी युद्ध सुरू झाले, चार वर्षे रक्ताचे पाट वाहिले, १८६३ मध्ये गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा निघाला. शत्रूंना हे कुजबुजणे फारच सोयीचे होते. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री नाट्यगृहात त्याला गोळी घातली गेली, दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला, तरी कुजबुज थांबली नाही. १८७२ मध्ये त्याचा जुना मित्र वॉर्ड लॅमन याच्या नावाने चरित्र निघाले, त्यातही या लग्नाबद्दल शंका घेतली गेली. मित्रांनी केलेली सेवा कधी कधी अशी असते.

कागद निघाला १८७८ मध्ये. शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीच्या स्प्रिंगफील्ड गावी, कोर्टाच्या दप्तरात. तिथल्या जुन्या घराण्यांमध्ये हे लग्न आपल्याकडे लागल्याची आठवण होती, डब्ल्यू. एफ. बुकर या कारकुनाने जुने गठ्ठे सोडून पाहिले आणि बाँड हाती लागला. तारीख १० जून १८०६. त्या काळी तिकडे लग्नाआधी नवऱ्याने आणि एका जामीनदाराने पन्नास पौंडांचा बाँड लिहून द्यावा लागे. पैसे भरायचे नाहीत. या विवाहाला कायद्याची आडकाठी निघाली तर मात्र देणे लागू. बँकेच्या भाषेत ही संभाव्य जबाबदारी. त्यावर टॉमस लिंकनची सही आहे आणि जामीनदार म्हणून रिचर्ड बेरीची. नॅन्सी या बेरींच्या घरी राहत होती. लग्न नवरीच्या काउंटीत नोंदले जाते, हे साधे तत्त्व. शोधणारे मात्र नवऱ्याच्या गावात शोधत बसले. सोबत जेसी हेड या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने पाठवलेली यादीही मिळाली. त्यात लग्नाची तारीख १२ जून १८०६. मोठी मुलगी सारा जन्मली १० फेब्रुवारी १८०७ ला. आठ महिने होतात म्हणून बोटे मोजणारे तेव्हाही होते. त्यांना मी उत्तर देणार नाही.

बाँड सापडला तेव्हा नॅन्सीला जाऊन ६० वर्षे झाली होती आणि लिंकनला १३. ज्याला तो कागद हवा होता, त्याच्या हाती तो पडलाच नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण नॅन्सीचीही एक आई होती. लिंकनचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्नडन याने पुढे सांगितले की १८५० च्या सुमाराला एका खटल्यासाठी दोघे घोडागाडीतून जात असताना लिंकन अचानक आईबद्दल बोलला. ती लूसी हँक्सची लग्नाआधीची मुलगी, आणि बाप व्हर्जिनियातला कुणी बडा जमीनदार. एवढे बोलून तो गप्प झाला आणि बराच वेळ गप्पच राहिला. हर्नडनने १८८९ साली पुस्तकात हे छापले तेव्हा हाहाकार उडाला. दहा वर्षांनी हँक्स घराण्यातल्याच कॅरोलाइन हिचकॉक या बाईंनी नॅन्सीसाठी रीतसर आईबाप शोधून दिले. त्यांचा आधार होता जोसेफ हँक्स यांचे १७९३ चे मृत्युपत्र. त्यात नॅन्सी नावाच्या मुलीला पीडी नावाची कालवड दिली आहे. कालवडीसह आलेला हा वारसा वाचकांना फार आवडला. पुढे दप्तरे ताडून पाहिली तेव्हा लक्षात आले, की ही नॅन्सी वेगळी. लिंकनच्या आईची ती मावशी. एका घरात एका नावाच्या दोन बायका, हा फायलीतला सगळ्यांत जुना सापळा.

लूसीबद्दलचे कागद विल्यम बार्टन यांच्यासारख्या अभ्यासकांनी १९२० च्या दशकात पुढे आणले. केंटकीच्या मर्सर काउंटीत १७८९ मध्ये लूसी हँक्सवर वर्तनाबद्दल ठपका ठेवला गेला होता. पुरुषाचे नाव त्या कागदात नाही. अशा कागदांत ते सहसा नसते. पण त्याच दप्तरात दुसरा एक कागद आहे, १७९० चा. हेन्री स्पॅरो नावाचा तरुण तिच्याशी लग्न करायला उभा राहिला, तेव्हा आपण सज्ञान आहोत आणि आपली संमती आहे, असे लूसीने स्वतःच्या हाताने लिहून खाली सही केली. त्या रानवट मुलखात लिहिता येणारी बाई. १७९१ मध्ये लग्न झाले, खटला बारगळला, लूसीचा मोठा संसार झाला. बड्या जमीनदाराचा शोध घेणाऱ्यांनी शाई वाया घालवली असे मला वाटते. लिहिणाऱ्या या बाईचा आणि तिच्या नातवाच्या लेखणीचा धागा मात्र मला पटतो. २०१५ मध्ये नॅन्सीच्या मातृकुळातल्या आजच्या वंशजांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातूनही नॅन्सी लूसीची लेक हेच पुढे आले.

लिंकनचे वडिलांशी कधी जमले नाही. वाचणारा मुलगा आणि नांगर धरायला लावणारा बाप, ही तर आपल्याही घराघरातली गोष्ट. जानेवारी १८५१ मध्ये टॉमस अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला. बायको बाळंतीण, घरात आजारपण, अशी कारणे लिंकनने कळवली आणि खरे कारणही त्याच पत्रात लिहिले, की भेट झाली तर आनंदापेक्षा दुःखच जास्त होईल. १७ जानेवारीला टॉमस वारला. मुलगा अंत्यविधीलाही गेला नाही. या गोष्टीची त्याच्या भक्तांना फार अडचण होते. मला होत नाही. वारसांच्या फायली पाहिलेल्या माणसाला ठाऊक असते, की न आलेला मुलगा नेहमीच विसरलेला मुलगा नसतो.

कारण त्यानंतर तो वडिलांच्या घरी गेला आणि कुटुंबाच्या बायबलच्या पानावर त्याने आपल्या हाताने नोंदी केल्या. जन्म, लग्ने, मृत्यू. आणि वडिलांच्या मृत्यूच्या नोंदीत वय वर्षे ७३ आणि वर ११ दिवस. दिवसही मोजले. ते पान पुढे हाताळून फाटले, त्याचा काही भाग गेला. उरलेला जपून ठेवला आहे. दोन वर्षांनी, १८५३ मध्ये, चौथा मुलगा झाला. त्याचे नाव टॉमस ठेवले. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत त्या घराण्यातही होती. लिंकनचे स्वतःचे नाव शेतात मारल्या गेलेल्या आजोबांचेच. घरात मात्र या टॉमसला टॅड म्हणत. १८६१ च्या जानेवारीअखेरीस, शपथविधीला निघण्यापूर्वी, लिंकन म्हाताऱ्या सावत्र आईचा निरोप घ्यायला मुद्दाम गेला आणि त्या फेरीत वडिलांच्या थडग्यापाशीही जाऊन आला.

चार मुलांपैकी एकटा रॉबर्ट म्हातारा झाला. त्याची नातवंडे तीन. तिघांनाही मूल झाले नाही. शेवटचा पणतू रॉबर्ट टॉड लिंकन बेकविथ २४ डिसेंबर १९८५ रोजी वारला आणि नॉर्फकच्या त्या चर्चच्या वहीपासून निघालेली राष्ट्राध्यक्षांची रेषा थांबली.

बाँड निघाला तो स्प्रिंगफील्डच्या कोर्टात. ज्या ओंडक्यांच्या घरात ते लग्न लागले असे मानतात, ते मात्र लोकांनी तिथून हलवले आणि हॅरड्सबर्गला नेऊन १९३१ मध्ये त्याच्यावर विटांचे मंदिर बांधले. हॅरड्सबर्ग म्हणजे मर्सर काउंटीचे मुख्य गाव. लूसी हँक्सवर ठपका ठेवणारे कोर्ट याच काउंटीचे होते.